सावित्रीबाईच्या नावाची खीर

सुमित्राबाईच्या हातात तो पितळी पेला दिसला की मनिरामचं डोकं फिरायचं. मुर्रीच्या त्या घरात दिवस उगवायचा तोच पेल्यानं. म्हशीचं आटवलेलं दूध, वर जाड साय, त्यात हळद. पेला घेऊन सुमित्राबाई चुलीपासून उठायची आणि भूमिकासमोर जाऊन उभी राहायची. पुजारी तीर्थ घेऊन उभा राहतो ना, तशी.

"घे वो भूमिका. एका दमात पी. नाक दाबून पी, पन पी."

भूमिका मनिरामची सून. तिला सहावा महिना लागला होता. ती पदर सावरून पेला घ्यायची, डोळे मिटून रिकामा करायची आणि अंगण झाडायला लागायची. मनिराम ओसरीवर बसून सगळं पाहत असे. अर्धं अंगण झाडून होईतो तिच्या पोटात गुरगुर सुरू व्हायची, ती ओसरीपर्यंत ऐकू यायची. मग ती खराटा भिंतीला टेकवायची आणि खाली मान घालून मागच्या दाराकडे जायची. दुपारपर्यंत तीन-चार फेऱ्या व्हायच्या. पोट वाढत होतं आणि बाई वाळत होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या.

"पाह्य दादा," सुमित्राबाई म्हणायची, "दुधानं कसं पोट साफ होते."

जगातलं सुमित्राबाईला थोडंच ठाऊक होतं आणि जे ठाऊक होतं ते चूक होतं. ती मनिरामची धाकटी बहीण. नवरा गेलेला, पोरं आपापल्या जागी. वहिनीच्या तेराव्याला आली ती परत गेलीच नाही. घरात जाणतं बाईमाणूस नाही, सुनेकडे कोण पाहील, म्हणून राहिली. आणि पाहू लागली ते असं.

मनिरामला हे पोट ओळखीचं होतं. सावित्रीबाईचं असंच होतं.

सावित्रीबाई नवेगाव बांधकडची. माहेरचं घर तलावाकाठी. तिथं दूधदुभतं कमी आणि मासोळी जास्त. लग्न होऊन मुर्रीला आली तर इथं दारात म्हशी. मनिरामच्या आईनं कौतुकानं पेला भरून दिला आणि नव्या नवरीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. "गरिबाघरची हाये, दूध कधी पाह्यलंच नाई, म्हनून सोसत नाई," असं म्हातारी शेजारणींना सांगायची, तेही सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं. सावित्रीबाईनं मग दूध सोडलं. दुधाबरोबर दही, ताक, कढी, सगळंच सोडलं. पांढरं म्हटलं की पोट दुखतं, एवढंच तिला समजलं होतं आणि त्यापेक्षा जास्त समजावून सांगणारं घरात कोणी नव्हतं. जन्मभर तिनं म्हशी पिळल्या, दूध डेअरीत पाठवलं आणि स्वतः एक थेंब तोंडात घातला नाही.

तिचा भाऊ कवडू माहेराहून सुक्या बारीक मासोळ्या पाठवायचा. त्या ती तव्यावर भाजायची, वर मीठ-मिरची टाकायची आणि भाताबरोबर खायची. डोकं, काटे, शेपटी, काहीच मागे राहायचं नाही. कुडुम कुडुम असा आवाज यायचा. मनिराम आपल्या पानातले काटे वेचत म्हणायचा, "मांजरीवानी कायले खातेस?" ती म्हणायची, "तुमी काटे फेकता, म्हनून मांजरी तुमच्या मागं हिंडते. माह्या मागं एक बी येत नाई."

मग तिच्या दाढा पडल्या आणि मासोळीही सुटली. उरला भात आणि वरण. एका सकाळी ती धान पाखडायला पाटावर बसायला गेली. पडली नाही, घसरली नाही, नुसती बसली आणि खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाच्या डॉक्टरनं फोटो उजेडापुढे धरला.

"काका, वाळवी लागलेल्या लाकडासारखी झालीत हाडं. दूध घेत नव्हत्या?"

"सोसत नव्हतं जी."

"मग दही? ताक?"

"तेबी नाई."

"अहो, मोठेपणी दुधातली साखर खूप लोकांना पचत नाही. पण दह्यात ती साखर कमी झालेली असते, म्हणून दही, आंबट ताक पुष्कळांना चालतं. थोडं थोडं घेऊन पाहायचं. ते नाहीच जमलं तर काट्यासकट बारीक मासे आहेत, तीळ आहे, शेवग्याचा, तुमच्या मुनग्याचा पाला आहे, गोळ्या आहेत. दूध नाही चाललं तर नको. पण कॅल्शियम कुठून तरी जायला पाहिजे ना शरीरात!"

एवढं सांगायला डॉक्टरला चहा पिण्याइतका वेळ लागला नाही. आणि एवढं ऐकायला मिळावं म्हणून सावित्रीबाईला हाड मोडून घ्यावं लागलं. ती पावसाळाभर खाटेवर पडून होती. पाठीला जखमा झाल्या, ताप भरला, आणि धान कापणीला येता येता ती गेली.

अस्थी घेऊन मनिराम प्रयागला गेला. सोबत मुलगा उमेंद्र आणि सुमित्राबाई. गेलेल्याच्या नावानं आवडीचं काहीतरी सोडायचं असतं. पंडा म्हणाला, बोला यजमान, काय सोडता? गुडघाभर पाण्यात उभ्या मनिरामला काही सुचेना. काठावरून सुमित्राबाई ओरडली, "मासोळी सोड, दादा! वहिनीले लई आवडे!" आणि मनिरामनं ओंजळीतलं पाणी सोडून जन्मभरासाठी मासोळी सोडली.

घरच्या कर्त्यानं जे सोडलं ते त्या घरात शिजत नाही. तेव्हापासून मुर्रीच्या घरात मासोळीचा वास आला नव्हता.

आता भूमिकाचं तसंच पोट निघालं. ही काही कुणाच्या रक्तातली नव्हती, परक्या घरून आलेली पोर. म्हणजे सावित्रीबाईचं पोट जगावेगळं नव्हतं, अशी पोटं घरोघर असतील. आणि घरोघर एकेक सुमित्राबाईही असेल. सावित्रीबाई तरी एकटी होती. हिच्या पोटात दुसरा जीव होता. त्याला हाडं करायला आईकडून काही मिळालं नाही तर तो आईच्याच हाडांतून ओढून घेणार, हेही डॉक्टरनंच सांगितलं होतं.

गावच्या आशाताईंनी, अल्काबाईंनी, कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. सुमित्राबाईनं त्या धानाच्या ढोलीवर ठेवून दिल्या.

"गोळीनं लेकरू पोटात फुगते. मंग पोट फाडा लागते."

"मंग दही दे," मनिराम म्हणाला.

"दोन जिवाच्या बाईले दही? थंडं असते ते. लेकराले पोटातच सर्दी होते."

"पोटातल्या लेकराले सर्दी होते तं त्याचं नाक कोन पुसते वो?"

"तुले का समजते? तू गडी मानूस."

"मुनग्याची भाजी कर."

"मुनगा गरम."

"तिळाचे लाडू?"

"तीळ तं लईच गरम! पोट खाली होईल पोरीचं."

दही थंड, मुनगा गरम, तीळ त्याहून गरम, गोळी खोटी. ईश्वरानं एवढी सृष्टी निर्माण केली आणि त्यातलं सुमित्राबाईच्या पसंतीला उतरलं ते एकटं म्हशीचं दूध.

तिच्या पाठीशी दुर्गाप्रसाद होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दूध संकलन केंद्र. पोट सुटलेलं, बोटात अंगठ्या, बोलणं अर्धं हिंदी. दुधात पाणी किती हे यंत्राला कळायच्या आधी दुर्गाप्रसादला कळायचं, कारण बरंचसं त्याचंच असायचं. तो ओसरीवर येऊन बसला की प्रवचन सुरू.

"मनिरामजी, दूध तो अमृत है. किसन भगवान काय पीत होते? दूध!"

"लोनी खात होते," मनिराम म्हणायचा. "अना चोरून खात होते. तुह्या डेअरीतलं असतं तं चोरलं नसतं."

दुर्गाप्रसाद हसायचा. त्याला काही टोचायचं नाही. म्हशीच्या पाठीवर कावळा बसला काय आणि उठला काय.

उमेंद्र रोज गोंदियाला राईस मिलमध्ये हिशेबाला जायचा. शिकलेला. त्याच्या कानावर घातल्यावर तो एका संध्याकाळी मोठा डबा घेऊन आला. डब्यावर हसरी गोरी बाई, हात पोटावर.

"बाबूजी, आता दुधाची झंझटच खतम. हे पान्यात टाकून देजा. सगळं हाये यात."

मनिरामनं झाकण उघडून वास घेतला. चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"हे दूधच होय बे. वाळवलेलं."

"पन यात व्हिटामिन टाकले हायेत नं."

"दुधात व्हिटामिन टाकलं तं दूध मरते का? बायको रोज मागच्या दारी जाऊन राहिली, तुले दिसत नाई?"

"आत्याबाई म्हनते, सवय होऊन जाईल."

"तुह्या मायले कितीक वर्सात झाली होती सवय?"

उमेंद्रनं डबा ढोलीवर, गोळ्यांशेजारी ठेवला आणि मोबाइल काढला. पोराला सोळा वर्षं शाळेत घातलं ते डब्यावरचं चित्र पाहून डबा घ्यायला, असं मनिरामच्या मनात आलं.

तोंड तरी कुठवर वाजवणार? चूल बायकांची. सासऱ्यानं सुनेच्या पोटाबद्दल चारचौघांत बोलायचं नसतं. भूमिका त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायची नाही. एकदाच ती बोलली. मनिराम जेवत होता, सुमित्राबाई गोठ्यात होती. ती दाराआडून म्हणाली, "मामाजी, माह्या मायकडं सुकी मासोळी खात होती मी. ते चालते मले. पन..." आणि ती थांबली. पुढचं तिनं बोलायची गरज नव्हती. मासोळी घरात शिजत नव्हती ती सुमित्राबाईमुळे नव्हे, मनिराममुळे.

वरसी जवळ आली. सावित्रीबाईला जाऊन वर्ष होत होतं. माहेरच्यांना बोलवायला मनिराम स्वतः गेला. बल्लारशाच्या गाडीनं जाऊन, पुढं एसटीनं नवेगाव बांधला पोचला तेव्हा कवडू तलावाच्या पाळीवर मासोळ्या वाळत घालत बसला होता. शेजारी त्याची बायको शामकला कावळे हाकलत होती.

"या पाव्हनं," कवडू म्हणाला. उठला नाही. "वरसीचं सांगाले आले?"

"हो. येजा दोघंबी."

"का करून राहिले जेवनात?"

"सुमित्रा खीर करतो म्हनते. सावित्रीच्या नावानं."

कवडूचा हात थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं. "आयकलं का वो? बाईच्या नावानं खीर."

"मेल्या म्हशीले मनभर दूध," शामकला म्हणाली आणि कावळ्याला ढेकूळ मारलं.

कवडूनं मूठभर मासोळ्या उचलल्या, वास घेतला, परत पसरल्या.

"अना भाऊजी, तुमी मासोळी सोडली म्हनते?"

"प्रयागले."

"बाईच्या नावानं?"

"हो."

"वा!" कवडू म्हणाला. "तिची जिंदगी ज्याच्यावर निंगाली तेच सोडलं! दूध सोडाचं होतं नं बाप्पा! ज्यानं तिचं पोट जाळलं ते घरात, अना ज्यानं तिले जगवलं ते घराभाईर. तुमी लोकं म्हशीसंगं राहून राहून म्हशीच झाले."

"तुमी चूप राहाजी, जावई होय ते," शामकला म्हणाली, पण तिच्या आवाजातही फार आदर नव्हता.

मनिराम पाळीवर बसला. राग आला होता, पण तो कवडूचा नव्हता. मग त्यानं सुनेचं सांगितलं. शामकलानं ऐकलं आणि काही न विचारता कापडात मासोळ्या बांधायला घेतल्या. बारीक, चांदीच्या, बोटाएवढ्याही नाहीत अशा.

ते गाठोडं सुमित्राबाईनं दारातच अडवलं. "वरसीच्या तोंडावर हे मढं घरात आनतं?" मनिरामनं ते गोठ्यात खुंटीला टांगलं. म्हशींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांची नजर घरातल्यांपेक्षा शहाणी वाटली त्याला.

वरसीच्या दिवशी अंगणात मांडव पडला. मागच्या बाजूला दगडाच्या चुली मांडून सुमित्राबाईनं मोठ्या गंजात खीर शिजवली. दूध दुर्गाप्रसादनं फुकट दिलं आणि तसं सगळ्यांना सांगितलंही. आधी कावळ्याचं पान भिंतीवर ठेवलं. वडा, भात आणि मधोमध खिरीचा द्रोण. कावळा लगेच आला आणि खीरच खाऊन गेला.

"पाह्यलं?" सुमित्राबाईनं डोळ्याला पदर लावला. "वहिनीचा जीव खिरीत होता."

मनिरामला वाटलं, कावळा हा उकिरड्यावरचं मेलेला उंदीरही खातो. त्याला सावित्रीबाईच्या पोटाचं काय ठाऊक!

पंगत बसली. कवडू आणि शामकला एका कडेला, दुर्गाप्रसाद मधोमध. त्याची दोन द्रोण खीर संपली होती. तेवढ्यात सुमित्राबाई मोठी वाटी काठोकाठ भरून भूमिकाला घेऊन आली.

"एक वाटी घरच्या सुनेनं खावी. सासूच्या नावानं. सगळ्यांसमोर खा, पोरी, मंग तिचा आशीर्वाद लागते लेकराले."

भूमिका उभी होती. तोंड पांढरं पडलेलं. तिनं एकदा उमेंद्रकडे पाहिलं. उमेंद्र पाणी वाढत होता, तो वाढतच राहिला. तिनं वाटी घेतली.

मनिराम पंगतीतून उठला. खरकट्या हातानंच गेला आणि वाटी तिच्या हातातून काढून घेतली.

"ते नाई खात."

"दादा! नावाची खीर हाये!"

"जिच्या नावाची हाये तिनं कधी खाल्ली होती? सांग. या घरात तिले खीर खाताना कोनं पाह्यलं, हात वर करा."

कवडू पानावर वाकून हसू दाबत होता.

"अरे भाई," दुर्गाप्रसाद म्हणाला, "एक कटोरी से क्या होता है?"

"काई नाई होत?"

"कुछ नहीं होता."

"मंग घे." मनिरामनं ती वाटी त्याच्या पानावर पालथी केली. खीर भातात गेली, वड्याखालून वाहिली आणि पत्रावळीच्या काठानं दुर्गाप्रसादच्या मांडीवर उतरली.

मनिराम गोठ्यात गेला. गाठोडं काढून आणलं. चुलीवरचा खिरीचा गंज उतरवून त्यानं तवा ठेवला आणि मूठ मूठ मासोळ्या टाकल्या. वरून मीठ, मिरचीपूड. वास मांडवभर झाला. गल्लीतल्या मांजरी भिंतीवर येऊन बसल्या.

सुमित्राबाईनं हंबरडा फोडला. "प्रयागच्या पान्यात उभं राहून सोडली होती तू! गंगामायच्या साक्षीनं!"

"सोडली होती. आता धरली."

"वहिनीच्या आत्म्याले का वाटंल?"

"तिले वाटंल, एवढ्या वर्सानं या घरात तिच्यासाठी काई शिजलं."

"पाप लागंल!"

"मले लागंल. तुले नाई. तू दूध पी."

त्यानं तव्यावरून चार मासोळ्या उचलल्या. बोटं भाजली. सगळ्यांच्या देखत, उभ्यानं, त्या तोंडात टाकल्या आणि चावल्या. काटे वेचले नाहीत. जन्मात पहिल्यांदा काटे वेचले नाहीत. वाटले होते तेवढे ते टोचलेही नाहीत.

आता घरात मासोळी शिजायला कुणाची आडकाठी राहिली नव्हती. त्यानं ताटलीत उरलेल्या काढल्या, बाजूला भात घेतला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवल्या.

"खा. काट्यासकट खा. अना उद्यापासून त्या म्हशीचं दूध विरजनात जाईल. दही लागते आंबट, तेबी थोडं थोडं खाऊन पाह्य. सोसलं तं ठीक, नाई सोसलं तं आपली मासोळी हाये."

पदराआडून भूमिका "हो, मामाजी" म्हणाली. ताटली आत गेली.

मग मनिराम उमेंद्रकडे वळला. "ढोलीवर गोळ्या हायेत. त्या खाली काढ. अल्काबाईले विचार कवा देवाच्या, कशा देवाच्या, अना तू स्वता दे बायकोले. एवढं जमते का मोबाइल खाली ठेवून?"

उमेंद्र पाण्याचा जग तिथंच ठेवून आत गेला. ढोलीवरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो डबा होता, हसऱ्या बाईचा.

पंगत पुन्हा सुरू झाली. लोकांना काय, वास चांगला होता. सुमित्राबाई मांडवाच्या खांबाला टेकून रडत होती आणि कुणी पाहतंय का हे मधून मधून पाहत होती. दुर्गाप्रसादनं मांडीवरची खीर पुसली, तव्याकडे नजर टाकली, घसा साफ केला.

"मनिरामजी," तो गोड आवाजात म्हणाला, "दो-चार इधर भी आने दो."

"दूध पी," मनिराम म्हणाला.

कवडूला ठसका लागला. शामकलानं त्याच्या पाठीत बुक्की घातली.

मनिराम ओसरीवर जाऊन बसला. आतून स्वयंपाकघरातून आवाज येत होता, आधी दबकत, मग मोकळा. कुडुम कुडुम. त्यानं भिंतीला डोकं टेकलं. कोणी काही विचारायला आलं तर हातानंच परतवत होता. ताटली रिकामी होईपर्यंत तो तिथून उठला नाही.